उपाशीपोटी बातमी

बिराजदार अण्णा धर्माची बातमी आणायला कायम उपाशीपोटी जातात. सोलापुरातल्या आमच्या दैनिकात सगळ्या धर्मांचे सण त्यांच्याकडे, आणि त्यांच्या बातम्या कापायचं काम माझ्याकडे. उपाशी का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "पोट भरलं की माणूस स्टेजसमोर बसतोय. भूक लागली की चुलीपाशी जातोय. बातमी तितंच असती की!"

त्यामुळे अण्णांच्या बातमीत पाहुण्यांची भाषणं दोन ओळींत आटपतात, पण बुद्धपौर्णिमेची खीर कुणी ढवळली, ईदचा शिरखुर्मा कुणी केला, ती नावं ठसठशीत येतात. मी कापायची, त्यांनी परत घालायची.

"अण्णा, ही बातमी आहे की मेन्यू?"

"पोरी, पाहुणे दरवर्षी बदलत्यात. आचारी तोच ऱ्हातोय."

गेल्या गणपतीत एक व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. मशिदीजवळ मिरवणूक, आरडाओरडा, दोन्हीकडची पोरं धावत सुटलेली. 'मिरवणुकीत राडा' म्हणून काहींनी बातमी चालवूनही टाकली. आमचे संपादक घामाघूम. छापली आणि खोटी निघाली तर गाव पेटायचं. नाही छापली आणि खरी निघाली तर पेपरची अब्रू जायची. त्यांनी तिथंच असलेल्या अण्णांना स्पीकरवर फोन लावला.

"साहेब, जेवायलोय," अण्णा म्हणाले.

"अहो, तिथे मारामारी चाललीय ना?"

"कसली मारामारी? स्वागताची कमान कलली. दोन्हीकडची पोरं पळत आली, धरली. आता मंडळानं सगळ्यास्नी एका पंगतीला बसवलंय. गव्हाची गोड हुग्गी लई झकास झालीया!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर कमान धरणाऱ्या पोरांची नावं होती, आणि हुग्गी रांधणाऱ्या बाईंचंही. मी एकही नाव कापलं नव्हतं. बाकीच्यांनी आपापला राडा गुपचूप काढून टाकला. मी मात्र दिवसभर भेटेल त्याला, "अण्णा आमच्या पेपरात आहेत बरं का," असं सांगत सुटले होते. अजूनही सांगते.

अण्णांना ड्यूटी नसते असा एकच मोठा सण, लक्ष्मीपूजन. त्या दिवशी पेपरलाच सुट्टी. यंदा मी फराळाचा डबा घेऊन जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटवर गेले. दुपार टळली होती, तरी ओटा कोरडा होता.

"अण्णा, जेवला नाहीत?"

ते म्हणाले, "ही गेल्यापासनं सणाला एकट्यानं घास उतरत न्हाय बघ. ड्यूटीवर कुणीतरी 'बसा' म्हणतंय."

मी दोन ताटल्या काढल्या आणि म्हणाले, "बसा, अण्णा."

ते बसले. करंजी हातात घेतली, पण मोडली नाही.

"कुणी केल्यात?"

"सासूबाईंनी."

"असं न्हाय. पूर्ण नाव सांग की."

मी सांगितलं. मगच त्यांनी पहिला घास घेतला.