तरंगणाऱ्या प्राध्यापकांचा अहवाल

"पोहणे शिकायचे नसते, समजून घ्यायचे असते!" रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी एकसष्टाव्या वर्षी जाहीर केले. "बुडतो तो अज्ञानी!"

पत्नी तरुणपणी जलतरणात पदके मिळवलेली. ती एवढेच म्हणाली, "बघू हं."

आणि प्राध्यापक क्लबच्या तलावात पहिल्याच दिवशी तरंगले! हात नाही, पाय नाही. बाटलीच्या बुचासारखे, पोट वर करून! त्यांनी तत्काळ पत्नीला आणि कुजकट हसणाऱ्या मेहुण्याला रविवारचे आमंत्रण दिले.

शनिवारी संध्याकाळी घात झाला. जांभई देताना तोंडात पाणी गेले. खारट! एका चुकलेल्या दशांशचिन्हापायी प्रकाशकाला एकोणीस पानी पत्र धाडणारा हा गृहस्थ गप्प कसा बसणार? त्यांनी पंपघरात दोन्ही पाळ्यांचे कर्मचारी समोरासमोर उभे केले.

"रोज सकाळी लिटमस निळा होतो," पहिला म्हणाला. "मग मी ॲसिड ओततो. अकरा वर्षांत एक खाडा नाही!"

"आणि संध्याकाळी लाल!" दुसरा म्हणाला. "मग मी सोडा टाकतो. पाण्याला खोडच आहे, सर!"

"तुम्ही एकमेकांशी कधी बोललात?"

"कशाला? पाळ्या वेगळ्या!"

प्राध्यापकांच्या कपाळाची शीर तटतटली. आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा निकाल लावतात आणि मागे मीठ नि पाणी उरते, हे शाळकरी पोरही सांगेल! या दोन कर्तव्यदक्ष गाढवांनी पगार घेऊन समुद्र बनवला होता! ते तिथेच अहवाल लिहू लागले.

"अस्सं होय!" आरडाओरड ऐकून आलेले क्लबचे व्यवस्थापक ओशाळले. "मग आजच तलाव उपसतो. उद्या ताजे, गोडे पाणी!"

लेखणी थबकली.

"गोडे?"

"अगदी नळाचे!"

चाळीस वर्षे सत्यासाठी भांडलेल्या प्राध्यापकांनी कागद शांतपणे फाडला आणि नवा घेतला. त्यावर एकच ओळ लिहिली: 'पाणी उत्तम, दोन्ही पाळ्या अत्यावश्यक.'

रविवारी ते राजहंसासारखे तरंगले. मेहुण्याचा जबडा लोंबला. पत्नीने पाण्यात बोट बुडवले, जिभेला लावले आणि गोड हसली.

"अहो, पुढच्या रविवारी आमच्या दादाच्या शेतातल्या तळ्यावर जाऊ या. तिथेही दाखवा!"

प्राध्यापक ओलेत्यानेच पंपघरात शिरले.

"एका तळ्याला," त्यांनी शक्य तितक्या शास्त्रीय स्वरात विचारले, "ॲसिड किती लागेल?"

"ॲसिडचं काही नाही, सर," सकाळचा कर्मचारी आपुलकीने म्हणाला. "पण अकरा वर्षं धरून चाला!"