सूपवाली यूस्तिना जिवंत आहे

ओस्टाप क्रुशेलच्या सासूबाई रविवारी दुपारी चर्चमधून आल्या आणि अंगातला जाड कोटही न काढता त्याच्या दिवाणखान्यात मेल्या. त्या स्वतः सोफ्यावर बसून हे बघत होत्या, म्हणून प्रकरण जास्त चिघळलं.

ओस्टाप कॅनडातल्या एडमंटनच्या एका गेम कंपनीत संवादलेखक होता. कंपनीची अंतराळयुद्धाची मालिका जगभर गाजत होती, कारण तिच्यात म्हणे सगळं खेळणारा ठरवतो. कुणाशी गोड बोलायचं, कुणाला गोळी घालायची, कुणाला वाचवायचं. पहिल्या भागात मेलेला तिसऱ्या भागातही मेलेलाच राहतो. ‘निवड तुमची, विश्व तुमचं’ असं ऑफिसच्या दारावर, कॉफीच्या मगांवर आणि संडासातल्या आरशावरही लिहिलेलं होतं. लग्न नवं होतं तेव्हा सासूबाईंना खूश करायला ओस्टापने अंतराळस्थानकावरच्या एका चार डोळ्यांच्या सूपवालीला त्यांचं नाव देऊन टाकलं: यूस्तिना. ही बातमी बाईंनी आपल्या गावच्या, व्हेग्रेविलच्या चर्चमध्ये, तळघरात बसून बटाट्याच्या उकडीच्या करंज्या, म्हणजे पिरोही, वळणाऱ्या झाडून सगळ्या बायकांना सांगितली होती. डोळ्यांचा आकडा तेवढा गाळला होता.

ओस्टापची बायको लारिसा नर्स होती आणि उद्यापासून पुन्हा ड्युटीवर जाणार होती. घरातल्या लहान जुळ्या मुलांना सांभाळायला सासूबाई मुक्कामाला आल्या होत्या. दुसरं कुणी मिळत नव्हतं. ज्या बाया मिळाल्या, त्या जुळ्यांना एकदा भेटल्या आणि मग फोन उचलेनाशा झाल्या. तेव्हा सासूबाईंची मर्जी राखावी म्हणून ओस्टापने मोठ्या कौतुकाने त्यांना मालिकेचा ताजा, तिसरा भाग लावून दिला. पडद्यावर शिपाई दिसताच बाईंनी बटण दाबून त्याच्याकडे सूपवालीची चौकशी केली.

“यूस्तिना?” शिपाई म्हणाला. “ती गेली. मागे स्थानकाला आग लागली ना, तेव्हाच.” आणि तो बंदुकांविषयी बोलू लागला.

“म्हणजे मी मेले?” सासूबाईंनी विचारलं.

“तसं नाही, ममा. तुम्ही आधीचे दोन भाग खेळला नाहीत ना? मग तुम्ही कुणाला वाचवलं ते गेमला कळत नाही. अशा वेळी तो आपला गृहीत धरतो.”

“काय गृहीत धरतो?”

“की तुम्ही गेलात.”

“मी काहीच केलं नाही, म्हणून मी मेले?”

“मेलेल्या माणसाला संवाद लिहावे लागत नाहीत, ममा. काम वाचतं.”

“कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?”

ओस्टापला ती मीटिंग आठवली. सूचना त्याचीच होती. टाळ्याही पडल्या होत्या.

“कमिटीच्या,” तो म्हणाला.

“वा, जावईबापू! माझ्या सासूनं जन्मभर हेच मागितलं देवाकडे, तिला नाही जमलं. तुझ्या कमिटीनं चहापाण्यात उरकलं! लारिसा, माझी गाडी जोड. मी निघाले.”

पण बाहेर उणे तीस अंश होतं. इंजिनाची वायर भिंतीच्या प्लगात खुपसून ते दोनेक तास तापवल्याशिवाय एडमंटनमध्ये कुणाला रुसूनसुद्धा जाता येत नाही. लारिसाने वायर जोडली आणि आत येऊन नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने स्वयंपाकघरात पळून ऑफिसातल्या टॅनिसला फोन लावला. टॅनिस प्रोग्रामर होती.

“टॅनिस, सूपवाली जिवंत असेल असा कुणीही खेळून साठवलेला सेव्ह पाठव. लगेच.”

बराच वेळ नुसता कीबोर्डचा खटखट आवाज आला.

“नाहीये रे. सूपवालीला वाचवा किंवा नवी बंदूक घ्या, असा पर्याय ठेवलायस तू. कोण वाचवेल?”

“आपल्या टेस्टरनी तरी?”

“त्यांनी बंदूक घेऊन वर तिला गोळी घातली. आणि ती वाचली तर पुढे काय, हे तू लिहिलंच नाहीस.”

“असं कसं? आपण सांगतो ना, प्रत्येक निवडीचा परिणाम होतो म्हणून?”

“ते मगावर, ओस्टाप. गेममध्ये कुठे?” टॅनिसला त्याची दया आली. “थांब, शेवटच्या लढाईआधीचा एक सेव्ह आहे. त्यात ती जिवंत आहे अशी खूण करून देते. पुढचं देव जाणे.”

देवालाही ते माहीत नसावं. यूस्तिना जिवंत असल्याचं गेमला कळलं, पण तिने कुठे जावं, कसं उभं राहावं, काय बोलावं, याची काहीच सोय नव्हती. म्हणून गेमने तिला सगळीकडे पाठवलं. ती सेनापतीच्या अंत्यविधीला ॲप्रन घालून, दोन्ही हात आडवे पसरून हजर होती. नायक-नायिका एकमेकांना मिठी मारत होते, तिथे मध्ये ती होती. यानाबाहेर, हवा नसलेल्या काळोखात, ती हात पसरून तरंगत होती. आणि स्वतःचे संवाद नसल्यामुळे तिने शेजारच्या फाइलीतले उचलले. ते खलनायक सम्राटाचे होते.

“गुडघे टेका, किड्यांनो!” सूपवाली घुमणाऱ्या पुरुषी आवाजात म्हणाली. “तुमच्यावर दया करून मी थकलोय!”

ओस्टापने डोळे मिटले.

“आवाज वाढव,” सासूबाई म्हणाल्या.

“ममा, हे चुकून झालं. मी दुसरं...”

“गप रे. तिला बोलू दे.” बाई सोफ्याच्या कडेवर सरकल्या होत्या. “हात असे का पसरलेत?”

“आशीर्वाद देतेय, आई,” लारिसा पटकन म्हणाली.

सासूबाईंनी व्हेग्रेविलच्या स्टेफाबाईंना व्हिडिओ कॉल लावला. “स्टेफा, बघ, ही मी! चार कुठे? चष्मा आहे तो!”

शेवटी सिंहासनावरही यूस्तिनाच निघाली. समोर दोन पर्याय आले: लढा किंवा शरण जा. शरण जायचा पर्याय आजवर कुणी निवडला नव्हता, तो ठेवायचा म्हणून ठेवला होता. बाईंनी तोच दाबला.

“ममा, विश्व संपेल!”

“मग आधीच तिचं ऐकायचं होतं विश्वानं.”

एकेक तारा विझत गेला. बाईंनी डोळे पुसले. “इतकं छान लिहितोस, जावईबापू. अगदी माझं बोलणं उचललंस. मग आगीत का मारलंस आधी?” असं म्हणून त्यांनी कोट काढला आणि जुळ्यांना हात-तोंड धुवायला नेलं.

तेवढ्यात टॅनिसचा फोन आला. “चिंता नको. ती गडबड मी कायमची दुरुस्त केली. उद्या सकाळी अपडेट सगळ्यांच्या घरी आपोआप पोचेल. सूपवाली पुन्हा मेली.”

ओस्टापने फोन ठेवला, कपाटामागे हात घातला आणि इंटरनेटची वायर उपटली.

हल्ली मेल बघायला तो कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानात जातो. मेल इतके उशिरा वाचून होतात, की कंपनीत मालिकेचा चौथा भाग कुठवर आलाय, हे त्याला तिथल्या काउंटरवरची, गेम खेळणारी मुलगीच आधी सांगते. घरी सासूबाई रोज दुपारी जुळ्यांना निजवून विश्व संपवतात.

“जावईबापू,” परवा त्यांनी विचारलं, “तुझ्या घरचं नेट कधी रे येणार?”

“जुळी शाळेत जायला लागली की, ममा.”