दूध संघातली थंडी

आमच्या गावात हवामान खात्यावर कुणाचा विश्वास नाही. विश्वास आहे तो नानांच्या थर्मामीटरवर. नाना म्हणजे दूध संघाचे सेक्रेटरी. दुधाचं तापमान बघायचा थर्मामीटर ते सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडतात आणि कुठंही बाहेर काढतात. एकदा मयतीला गेले, तिथंही काढला आणि म्हणाले, "एकेचाळीस. आटपा लवकर."

संघात दूध येत नव्हतं ही गोष्ट वेगळी. दुष्काळाचं दुसरं वर्ष. जनावरं चारा छावणीत होती. संचालक मंडळाची बैठक मात्र दर महिन्याला बिनचूक व्हायची आणि तिच्या चहाचं दूध समोरच्या हॉटेलातून यायचं. रिकामा सेक्रेटरी काय करणार? नाना मॅरेथॉनचे कोच झाले. स्वतः ते कधी सुटलेल्या एसटीमागंसुद्धा पळाले नव्हते.

शिष्या एकच, सविता. आई-बाप ऊसतोडीला गेले की ती आजीजवळ राहायची. धारूरच्या घाटात पहाटे एकदा आणि भर दुपारी पुन्हा पळायची. घाम तिला कमी, बघणाऱ्यालाच जास्त यायचा. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या शर्यतीत मात्र पोरगी गारठली आणि मागं पडली. नानांनी निदान केलं, "पोरीला ऊन पचतंय, थंडी न्हाई." यंदा पहिल्या दहांत आली तर तिथल्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. नाहीतर बापाचं सांगणं होतं, कोयता घे आणि फडात ये.

आता मे महिन्यात बीड जिल्ह्यात थंडी आणायची कुठून? नानांनी संघाची शीतखोली उघडली. दुधाच्या पिशव्या ठेवायची ती खोली रिकामीच पडली होती. सविता आत जागच्या जागी पळायची आणि नाना दारात घोंगडी पांघरून घड्याळ धरायचे. बाहेर गावाच्या अंगाची लाही लाही होतेय आणि आमचे सेक्रेटरी कुडकुडतायत!

मी शाळेत भूगोल शिकवतो, म्हणून तोंड उघडलं. "नाना, थंडीत पळण्याआधी तिला अंग चांगलं गरम करू द्या, तेवढं पुरे. उन्हातला सराव मोडू नका."

"मास्तर, तुमचा भूगोल फळ्यावर ऱ्हाऊ द्या. मानसानं हवा बघून पाय टाकावा."

पंधरा दिवसांनी चेअरमन तणतणत आले. "सेक्रेटरी, ह्यो दूध संघ हाय का तालीम?"

"दूध कुठं हाय साहेब? मशीन गंजू नये म्हणून चालवतोय."

चेअरमननी मशीन बंद करायला लावलं. संघाच्या इतिहासात त्यांच्या हातून झालेलं हे एकमेव विधायक कार्य. सविता पुन्हा घाटात पळू लागली आणि नाना सात-आठ महिने त्या खोलीसाठी हळहळत राहिले.

शर्यतीला आम्ही तिघं पुण्याला गेलो. नानांच्या अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्याला कानटोपी. आणि नेमकं त्या दिवशी आभाळ भरून आलं, थंडी गुल झाली आणि जिवाची काहिली करणारा उकाडा सुरू झाला. पुण्याची पोरं निम्म्या वाटेत माना टाकून बसली. सविता आपली रोजचा घाट चढल्यासारखी आली. सातवी!

"बघा, शीतखोली कामाला आली," नाना म्हणाले. एरवी मी सोडलं नसतं. पण ते मफलरनं डोळे पुसत होते.

वसतिगृहानं तिला त्याच दिवशी ठेवून घेतलं. परतीच्या एसटीत नाना खिडकीशी बसले. थर्मामीटर एकदाही बाहेर काढला नाही. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झालीत, मुलगा सुरतेला असतो. पाटोद्याच्या स्टँडवर मी चहा आणून हातात दिला.

"मास्तर, आठ म्हैने ती पोरगी पहाटं माझं दार वाजवायची. 'नाना उठा, उशीर झाला' म्हणायची. घरात दुसरं हाय कोण?" चहा तसाच राहिला. "उद्या मी कशापायी उठू?"

मला पळण्याचा मनापासून तिटकारा आहे. शाळेची घंटा झाली तरी मी चालतच जातो. पण त्या क्षणी मला या माणसाविषयी फार माया वाटली. म्हटलं, "नाना, डॉक्टरांनी मला वजन उतरवायला सांगितलंय. पाचला दार वाजवतो."

नानांनी माझ्या पोटाकडं बराच वेळ पाहिलं.

"पाचला भागायचं न्हाई," ते म्हणाले, "तुमी साडेचारलाच या."