खटकेवाले, बिनखटकेवाले आणि एक अंत्यविधी

रोंडाचे वडील रविवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी चर्चच्या पार्किंगमध्ये वारले. कमरेचे पिस्तूल टोचत होते म्हणून त्यांनी ते काढले आणि नीट बसवावे म्हणून पुन्हा होल्स्टरच्या म्यानात सरकवले. त्याबरोबर जाकिटाच्या कडेची दोरीही आत गेली. दोरीच्या टोकाला प्लास्टिकचा मणी होता. मणी चापात अडकला आणि गोळी मांडीतून गेली. ओक्लाहोमाच्या त्या भागात अँब्युलन्सला यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा लागला.

घटना एवढीच होती आणि गावाला ती अपुरी वाटली. सांत्वनाला येणारा प्रत्येक जण हातात झाकलेले भांडे घेऊन येई, दारातच टोपी काढी, रोंडाचा हात हातात घेई, "फार भला माणूस" असे म्हणे आणि मग आवाज खाली आणून विचारी, "पिस्तुलाला सेफ्टी होती का गं?"

सेफ्टी म्हणजे पिस्तुलाच्या बाजूचा नखाएवढा खटका. तो लावलेला असला की चाप दाबूनही गोळी सुटत नाही. या खटक्यावरून गावात दोन पंथ होते. खटकेवाल्यांचे म्हणणे असे, की ज्या वस्तूने माणूस मरतो तिला निदान एक कडी असावी. बिनखटकेवाले म्हणत, हल्लेखोर समोर आला की घाबरलेला अंगठा खटका शोधत बसतो आणि तेवढ्यात आपले आटोपते. खरी सेफ्टी डोक्यात असते. हल्लेखोर कोण, याबद्दल दोन्ही पंथांत मतभेद नव्हते. तो केव्हाही येणार होता. चर्चमध्ये आजवर बिनबोलावता शिरलेला एकमेव जीव म्हणजे एक रॅकून, मांजराएवढा चोरटा प्राणी. तो भटारखान्यातले पाव खाऊन गेला आणि तो जाईपर्यंत दोन्ही पंथांतल्या पिस्तूलधारी गावकऱ्यांचे चर्चचे सुरक्षा पथक टेबलांवर उभे होते.

रोंडाला उत्तर माहीत होते. वडील दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते पिस्तूल पुसत असत आणि ती समोर बसून पुस्तक वाचत असे. पण पहिल्या माणसाने विचारले तेव्हा तिला रडू येत होते म्हणून ती गप्प राहिली, आणि दुसऱ्याने विचारले तेव्हा तिचे रडू थांबले म्हणून.

"होती की नव्हती, एवढंच सांग," पथकप्रमुख डेल्बर्टची बायको पॉलिन भाजलेल्या मांसाचे, हॅमचे भांडे हातात धरून तिसऱ्यांदा म्हणाली. "डेल्बर्टला झोप नाही गं त्याच्यापायी."

वडिलांची थोरली बहीण वर्नेल आत्या ओट्याशी भांडी लावत होती. ती मागे न वळता म्हणाली, "पॉलिन, हॅम ठेव आणि घरी जा. जाताना हॅमलाही विचार. ते तुझ्यापेक्षा शहाण्यासारखं बोलेल."

रोंडाला एकच गोष्ट हवी होती. शनिवारी सकाळी टेकडीवरच्या दफनभूमीत वडिलांना आईशेजारी ठेवायचे. त्यासाठी शवपेटी, पाद्री आणि पेटी उचलणारे सहा जण लागतात. पेटी तिने ओक लाकडाची निवडली होती. पाद्री, म्हणजे पास्टर लायल, होतेच. उचलणारे सहाही जण चर्चच्या सुरक्षा पथकातले, म्हणजे वडिलांचे सोबती होते, आणि इथूनच अडचण सुरू झाली.

गुरुवारी पास्टर लायल यांनी तिला कचेरीत बोलावले. पथकप्रमुख डेल्बर्ट आणि उपप्रमुख रँडल आधीच येऊन बसले होते. डेल्बर्टने आयुष्यभर गॅसच्या टाक्या विकल्या होत्या आणि तो कट्टर खटकेवाला होता. रँडलचे टायरचे दुकान होते. शाळेत तो रोंडाच्या मागच्या बाकावर बसे. तो बिनखटकेवाल्यांचा पुढारी.

"सिस्टर रोंडा," पास्टर म्हणाले, "विमा कंपनीचं म्हणणं आलंय. सगळ्या पथकाचं पिस्तुलांबाबत एकसमान धोरण ठरेपर्यंत आपल्या आवारात, टेकडीवरच्या दफनभूमीतसुद्धा, सशस्त्र लोकांनी जमायचं नाही. बिनशस्त्र जमलात तर त्यांची हरकत नाही."

शेवटचे वाक्य त्यांनी हवामानाचा अंदाज सांगावा तसे सांगितले.

"मग पिस्तुलं गाडीत ठेवा," रोंडा म्हणाली. "तासाभराचं तर काम आहे."

डेल्बर्टने पास्टरांकडे पाहिले. पास्टरांनी टेबलावरचा रुमालांचा खोका तिच्याकडे सरकवला.

"दुःखात माणूस काहीही बोलून जातो," ते हळुवारपणे म्हणाले. "आम्ही मनावर घेत नाही."

"आणि नेमकं त्याच वेळी कुणी आलं तर?" रँडलने विचारले.

"कोण येणारे, रँडल?"

"तेच तर! ते आधी कळत नाही ना."

तेव्हा धोरण ठरवणे भाग होते. त्याच संध्याकाळी सभा भरली. डेल्बर्टने ठराव मांडला की दिवंगताच्या स्मृत्यर्थ पथकातले प्रत्येक पिस्तूल खटक्याचे असावे. रँडलने उपसूचना मांडली की दिवंगताच्या स्मृत्यर्थ एकही नसावे. मग कुणीतरी उठून विचारले की दिवंगताच्या पिस्तुलाला नेमका खटका होता का. त्या बनावटीचे पिस्तूल दोन्ही प्रकारांत मिळत असे. पिस्तूल शेरीफच्या कपाटात कुलूपबंद होते. शेरीफला शरद ऋतूत निवडणूक लढवायची होती आणि दोन्ही पंथांकडे जवळजवळ सारखीच मते होती, म्हणून तपास चालू असेपर्यंत काही सांगता येणार नाही असे त्याने कळवले. तपास कशाचा, हेही तपासातच होते.

सभेने तथ्यशोधन उपसमिती नेमली. उपसमितीने एकमताने असा निष्कर्ष काढला की तथ्य रोंडाकडे आहे, आणि अंत्यविधी सोमवारपर्यंत पुढे ढकलला.

धोरण लोंबकळत असले तरी पूर्वतयारी थांबवून चालणार नव्हते. पेटीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन माणसे लागतात. डाव्या बाजूच्या माणसाला कडी उजव्या हाताने धरावी लागते आणि उजवा हात अडकला की पिस्तूल काढता येत नाही. हे ध्यानात येताच सहाही जणांनी उजवी बाजू मागितली. उरलेल्या पथकात डावखुरा फक्त एक दातांचा डॉक्टर होता. सगळे त्याच्याकडे इतक्या आदराने पाहू लागले, की तो म्हणाला, "अहो, मी एकटा तीन जागी कसा उभा राहू?"

तेव्हा प्रत्यक्ष तालीम करून पाहायचे ठरले. दफनसेवेचा मालक स्वतः पथकात होता. त्याने रोंडाच्या वडिलांचीच पेटी दिली. गाडीतून उतरवताना पॉलिनने ती धूळ बसू नये म्हणून पुसली. शनिवारी सकाळी, ज्या वेळी तिच्यात वडील असायला हवे होते त्या वेळी, तिच्यात गुरांच्या खुराकाची पोती भरून सहा जण चर्चच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारू लागले. हे पाहायला रोंडाला बोलावले होते. नातेवाइकांच्या सूचनांचे स्वागत होते.

तिसऱ्या फेरीला सगळे दमले आणि पेटी खाली ठेवून पुन्हा वादाला बसले.

"हे बघ," डेल्बर्ट पिस्तूल काढून म्हणाला, "खटका लावलाय. आता दाब, ओढ, काय वाटेल ते कर. मेलेलं आहे हे."

आणि त्याने चाप ओढला. खटका वर केला की लागतो की खाली केला की, हा तपशील या गडबडीत मागे पडला होता. गोळी ओकच्या पेटीची एक बाजू फोडून आत शिरली आणि खुराक भुरुभुरु बाहेर सांडू लागला.

"पाहिलंत?" रँडल ओरडला. "खटक्याच्या भरवशावर राहिलं की हे असं होतं! मी वीस वर्षं बिनखटक्याचं बाळगतोय. कारण माझं बोट कधी चापावर जातच नाही—" एवढे बोलून त्याने आवेशाने आपले पिस्तूल उपसले आणि चर्चच्या पाटीवरच्या 'सर्वांचे स्वागत' यातला 'स्वा' उडवला.

कुणाला इजा झाली नाही. दोन्ही बाजूंना एकाच वेळी आपला मुद्दा सिद्ध झाल्याचे समाधान वाटले. डेल्बर्टच्या मते रँडलच्या पिस्तुलाला खटका असता तर पाटी वाचली असती. रँडलच्या मते डेल्बर्टकडे खटका नसता तर पेटी वाचली असती. विमा कंपनीला काय कळवायचे, यावर मात्र लगेच एकमत झाले. ढगांचा गडगडाट झाला होता.

वर्नेल आत्याने पेटीच्या भोकात बोट घालून पाहिले.

"आत नव्हता म्हणून," ती म्हणाली. "नाहीतर बिचाऱ्याला आणखी एकदा मारलं असतंत."

दफनसेवेच्या मालकाने खेदाने सांगितले की भोक पडलेली पेटी वापरलेली धरली जाते, परत घेता येत नाही. मात्र भोक डाव्या बाजूला असल्याने पाहुण्यांना ते दिसणार नाही, हा दिलासाही त्याने दिला.

रविवारी संध्याकाळी पास्टर, डेल्बर्ट आणि रँडल रोंडाच्या स्वयंपाकघरात आले. टेबलावर लोकांनी आणलेली, अजून परत न केलेली भांडी होती. तिघांनी पीकन पाय, अक्रोडासारख्या मेव्याचा गोड केक, खाल्ला. मग पास्टर म्हणाले, "सिस्टर रोंडा, तोडगा निघालाय. उद्या सकाळी तू मंडळीसमोर फक्त एक शब्द बोलायचा. होती किंवा नव्हती. त्यावर मतदान, लगेच धोरण, आणि दुपारी अंत्यविधी. तुझे वडील आता फक्त तुझ्यामुळे अडलेत, बाळा."

रोंडाने कॉफी ओतली.

"डेल्बर्टकाका, समजा, मी होती म्हणाले. तर तुम्ही काय म्हणाल?"

"तर म्हणजे त्याने लावली नाही. खटका सक्तीचा करून लावायची कडक शिस्त हवी."

"आणि नव्हती म्हणाले तर?"

"मग प्रश्नच मिटला! खटका सक्तीचा."

"रँडल, तू?"

"होती, तर तिनेच घात केला. गाफील ठेवलं. नव्हती, तर दोष जाकिटाचा. दोरीची जाकिटं बंद करायची."

"म्हणजे मी काहीही म्हटलं तरी तुम्ही आत्ता म्हणताय तेच म्हणणार."

"अर्थात," दोघे एकदम म्हणाले. विमा कंपनीच्या गडगडाटानंतरची ही त्यांची पहिली एकवाक्यता.

"मग माझं उत्तर तुम्हाला कशाला हवंय?"

हा प्रश्न उपसमितीच्या कक्षेत नव्हता.

"त्याशिवाय मनाला शांती कशी मिळणार?" अखेर पास्टर म्हणाले.

"कुणाच्या?" वर्नेल आत्याने विचारले आणि पायची थाळी उचलून नेली.

ते गेल्यावर रोंडाने शेजारच्या जिल्ह्यातल्या दफनसेवेला फोन केला. तिकडे पेटी उचलायला माणसे लागत नाहीत, चाकांची गाडी असते. गावाला तिने एवढेच कळवले की मंगळवारी सकाळी टेकडीवर यावे, मात्र कमर रिकामी असावी.

बहुतेकांनी जड अंतःकरणाने नकार कळवला. मृतावर प्रेम होते, पण तत्त्व तत्त्व असते. तरी ते आले. दफनभूमीच्या कुंपणाबाहेर रस्त्यावर त्यांच्या पिकअप गाड्या दिवे लावून ओळीने उभ्या राहिल्या आणि सगळे जण छातीवर टोप्या धरून कुंपणाकडे पाठ करून थांबले, कारण धोका बाहेरून येणार होता. खटकेवाले रस्त्याच्या उतारावर, बिनखटकेवाले चढावर. आत रोंडा होती, आत्या होती आणि तो डावखुरा दंतवैद्य होता. त्याने येताना पिस्तूल घरीच ठेवले होते आणि चालताना त्याचा हात सारखा रिकाम्या कमरेशी जात होता.

पेटीतल्या भोकात आत्याने आपला रुमाल कोंबला होता. गाडी ढकलणारा माणूस पन्नाशीचा, अबोल, दुसऱ्या गावचा होता. त्याने सगळे काम हलक्या हाताने केले. पेटी खाली जाताना दोर घासू दिला नाही. आत्या आईच्या दगडावरची पाने वेचत होती. एक अक्षर न बोलता कुणी आपल्यासाठी काही करते आहे, या जाणिवेने रोंडाला त्या दहा दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणाने रडता आले.

माती लोटून झाल्यावर त्याने हातमोजे काढले, जवळ येऊन क्षणभर मान खाली घातली.

"तुमचे वडील?"

"हो," रोंडा म्हणाली आणि तिने त्याला त्यांचे नाव सांगितले. ते दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला प्रार्थनेचा कागद कसे देत आणि लहान मुलांना दोन-दोन देत, हेही सांगितले. एक वाचायला, एक विमान करायला.

"छान," तो म्हणाला. त्याने एकदा कुंपणाकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "रागावू नका हं. पण सेफ्टी होती का?"

रोंडा रागावली नाही. तिला आता कळले होते की लोक हा प्रश्न विचारतात कारण त्याला दोनच उत्तरे आहेत. त्यातले एक मिळाले की मेलेल्या माणसाबद्दल आणखी काही विचारायची गरज पडत नाही.

तुम्हीही, वाचकहो, इथवर आलात ते बहुधा त्याच उत्तरासाठी. पेटी कोणत्या लाकडाची, भोक कोणत्या बाजूला, खटका केवढा, हे सगळे तुम्हाला ठाऊक झाले आहे. तिने त्या माणसाला सांगितलेले नाव मात्र तुम्ही अजून विचारलेले नाही.