साठ ताटे आणि एक नमुना

माझे बिल्ड कधीही अडत नाही, हे विधान मी पुराव्यानिशी करू शकतो. बिल्ड म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सामान एका पेटीत, म्हणजे कंटेनर इमेजमध्ये, भरण्याचे काम. सांगलीकडच्या विटा गावात हे समजावणे सोपे आहे, कारण आमची माणसे देशभर गलाई, म्हणजे सोने गाळून शुद्ध करण्याचा धंदा, करतात: पहिल्या टप्प्यात भट्टी पेटवून सोने गाळायचे, दुसऱ्या टप्प्यात फक्त सोने न्यायचे, भट्टी मागे ठेवायची.

बिल्डचेही असेच दोन टप्पे. अडचण एकच. दुसऱ्या टप्प्याने मागितलेली फाइल पहिल्यात नसेल, तर सगळे बिल्ड कोसळते. माझा उपाय असा: हमखास असणाऱ्या एका फाइलसोबत ऐच्छिक फाइल मागायची, तिच्या नावाच्या शेवटी तारका लावून. सापडली तर आली, नाही तर तक्रार नाही.

यंदा जत्रेला साठ माणसे जेवायला बोलवायची, असे मी ठरवले. आई गेल्यापासून चार वर्षे आमच्या घरी पंगत बसली नव्हती. भाऊ गलाईसाठी सेलमला, मी एकटा, संगणकासमोर. घरोघर जाऊन आवतण देणे मला अवैज्ञानिक वाटले. मी निरोप पाठवणारा प्रोग्रॅम लिहिला. साठ जणांची यादी ऐच्छिक ठेवली. हमखास फाइल म्हणजे नमुना यादी. त्यात चाचणीपुरता एकच फोन क्रमांक, माझा.

बिल्ड निर्विघ्न झाले. दोन मिनिटांत माझा फोन वाजला: ‘जत्रेनिमित्त जेवायला अगत्याने यावे.’ यंत्रणा चालते, असा निष्कर्ष मी काढला. एकाच निरीक्षणावरून.

जत्रेच्या दिवशी शेजारचे अल्लाबक्षचाचा रस्सा करायला आले. दीड वाजला. पंगतीच्या जागी फक्त एक मांजर बसले होते, तेही पाठ करून.

“धनाजी, माणसं कवा येनार रं?”

“येतील. साठ जणांना निरोप गेलाय.”

“आमच्या लेकीला, सलिमाला न्हाई आला. यादीत हाय न्हवं ती?”

“सातव्या क्रमांकावर.”

चाचांनी पळी खाली ठेवली. मी संगणक उघडला. यादी पहिल्या टप्प्यातच, भलत्या फोल्डरमध्ये पडली होती. दुसऱ्या टप्प्याला ती दिसली नाही आणि मी शिकवल्याप्रमाणे त्याने तक्रारही केली नाही. सोने भट्टीतच राहिले होते.

“म्हंजी कुनालाच गेला न्हाई?”

“एकाला गेला.”

“कुनाला?”

“मला.”

चाचा हसले नाहीत. हसले असते तर मला इतके लागले नसते. “फोन लाव की मग.”

मी यादीत पहिले असलेल्या नानासोंना फोन लावला. “आरं, आमी खालच्या गल्लीतल्या हरणाबाईकडं जेवाय बसलोय,” ते म्हणाले. “तिनं दारात येऊन सांगितलं हुतं. तुज्या जेवणाचं काय न्हाई कळालं बाबा.”

“ऱ्हाऊ दे,” चाचा म्हणाले. “रस्सा लय झालाय. सलिमाला हाक मारतो, डब्यातनं गल्लीत वाटू.” ते गेले. मांजरही त्यांच्यामागे गेले.

मी तो संदेश पुन्हा पाहिला. यंदा मला आलेले ते एकमेव आमंत्रण होते, आणि ‘अवश्य येतो’ असे मी त्याच वेळी कळवलेही होते. शब्द मोडणे बरे नव्हे. मी एक ताट घेतले आणि पंगतीत बसलो.