ढकलल्यास हातगाडी, ओढल्यास ट्रेलर

माणूस जन्मला की आधी त्याला नाव मिळते. लायकी नंतर पाहतात. (काही घरांत तीही पाहत नाहीत.) वाहनांबाबत शासन इतके निष्काळजी नाही. तिथे आधी तपासणी, मग नोंदणी, मग रस्ता. हा क्रम अत्यंत शास्त्रशुद्ध असून त्यात एवढीच गैरसोय आहे, की तपासणीच्या जागी जायला रस्त्यावरूनच जावे लागते.

पुण्यातल्या विश्रांतवाडीच्या बुद्धभूषण यांनी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि जनरेटर वाहायला ट्रेलर बांधून घेतला. भारनियमनात वीज गेली की एका सॉफ्टवेअर कंपनीतले अमेरिकेचे काम बंद पडे. सोमवारी ट्रेलर नंबरासह कंपनीच्या फाटकात उभा राहिला तरच जनरेटर पुरवण्याचे कंत्राट बुद्धभूषणांचे होते.

बिननंबरी ट्रेलर रस्त्यावर आणणे गुन्हा, म्हणून त्यांनी तो ट्रकमध्ये चढवून आरटीओत नेला. निरीक्षक श्यामसुंदर कायद्याला पक्के. त्यांनी ट्रक पास केला.

"अहो साहेब, ट्रक नाही, वरचा ट्रेलर!"

"वर आहे तो माल. मालाचं पासिंग आम्ही करत नाही."

ट्रेलर उतरवला. ट्रकवाला भाडे घेऊन गेला. आता ब्रेक पाहायला तो चालवायला हवा, आणि चालवायला नंबर हवा.

"ढकलून दाखवू का?" बुद्धभूषणांच्या पत्नी आम्रपालीबाईंनी विचारले.

"ढकलली की ती हातगाडी, बाई. तिचं खातं वेगळं."

दोघे ट्रेलर ढकलत घरी निघाले. आरटीओच्या फाटकाबाहेरच त्या वेगळ्या खात्याने, म्हणजे अतिक्रमण पथकाने, विनापरवाना हातगाडी म्हणून तो जप्त केला आणि जीपमागे जोडून नेला. समोरच्याच सिग्नलला जीप थांबली, ट्रेलरही थांबला.

"आता ओढला जातोय, म्हणजे ट्रेलर," फाटकात उभे असलेले श्यामसुंदर समाधानाने म्हणाले. "ब्रेक उत्तम. पास!"

बुद्धभूषणांच्या डोळ्यांत पाणी आले. साहेबांनी ते आनंदाश्रू समजून पेढ्यांची चौकशी केली.

नंबर मिळाला, ट्रेलर मिळाला नाही. अतिक्रमण पथकाच्या गोदामवाल्यांनी सांगितले, "आमच्याकडे ट्रेलर नाही, एक हातगाडी आहे." सोमवारी कंपनीच्या फाटकात दुसऱ्याच कुणाचा जनरेटर धडधडत होता. तो परवानाधारक हातगाडीवर आणलेला होता.

हसू येणे साहजिक आहे. पण या ट्रेलरचा ब्रेक निदान साहेबांनी रस्त्यात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. आपली दुचाकी पास झाली त्या दिवशी आपण शोरूममध्ये तिला हार घालत होतात, आणि साहेब त्यांच्या कार्यालयात होते. चांदणी चौकाच्या उतारावर जरा जपून.