शेषरावकाकांची मुकी हवा

आमच्या गावात शेषरावकाकांसमोर कुणी नुसतं 'गॅस' म्हणत नाही. म्हटलं की काका सायकलवरून उतरतात. "कोन्चा गॅस? नाव सांगा की. पाव्हना आला तर नुसतं मानूस आलं म्हनता का?"

काकांकडे सगळ्या वायूंची नावं आहेत. मिरची भाजली की उठते ती खाट. कापसावर फवारणी चालू असली की दर्प. त्या दिवशी काका वारा बघून वाट बदलतात, चुडाव्याच्या स्टेशनाला जायचं असलं तरी लांबून जातात. धान्यातल्या किडीच्या गोळ्यांचा सुटतो तो भपकारा. "त्या खोलीत झोपू नगा," हे ते घरोघर सांगतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. आणि जिला वास नाही, रंग नाही, ठसका नाही, ती मुकी हवा. हे नाव घेताना मात्र काकांचा आवाज खाली जातो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. काका 'मुकी हवा' कसं म्हणतात, त्याची नक्कल मला फार छान जमायची. मास्तर लोक हसून हसून चहा सांडायचे.

यंदा उन्हाळ्यात आमच्या विहिरीतला गाळ काढायचा होता. वरून पाणी ओढेना, म्हणून मी पेट्रोलचा पंप चालू करून दोराने विहिरीतल्या कपारीवर उतरवला. स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. तासाभराने पेट्रोल संपून पंप बंद पडला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मागून कुणीतरी कॉलर धरली.

"मास्तर, कुठं निघाले?"

"गाळ बघायला, काका."

"इंजन आत चालविलं का?"

"चालवलं की. आता बंद आहे."

"इंजन बंद हाय. मुकी बंद हाय का?"

मी हसलो. म्हणालो, "कंदील सोडून बघू. विझला तर नाही उतरत."

"ही इंजनाची हाय. कंदिलाला सोडती, मानसाला धरती."

मी वाद घालायला तोंड उघडलं आणि आठवलं. धुरातल्या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो, हे मी आठवीच्या पोरांकडून पाच-पाच वेळा लिहून घेतलं होतं. वर तांबड्या शाईने बरोबरची खूणही केली होती. मी पाय मागे घेतला. दुमडलेली पँट सरळ केली आणि काठावरच बसलो.

काकाही शेजारी बसले. कॉलर सोडायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

"दादा असाच उतरला व्हता," ते म्हणाले. "आमच्या हिरीत. इंजन बंद करून. मी वर दोर धरून. दोन पायऱ्या खाली गेला अन् बसल्यावानी झाला. मला एक डाव हाक मारली. मी पाय टाकला, डोकं गरगरलं, अन् मी वर आलो. वर आलो, मास्तर."

कॉलरवरची त्यांची मूठ आवळली.

"खाली गेलो असतो तर?"

"दोघं गेला असता, काका."

त्यांनी कॉलर सोडली. मग म्हणाले, "हे वैनीला सांगताल का? तुमी शिकलेले. मला तिच्या दारात पाय टाकवत न्हाई. तवापासून गेलो न्हाई."

संध्याकाळी मी धुतलेला सदरा घालून त्यांच्या भावजयीकडे गेलो. काका कोपऱ्यावरच्या लिंबाखाली थांबले. वहिनी अंगणात तूर निवडत होत्या. रंग, वास, इंजिन, एक माणूस, दोन माणसं, असं सगळं मी फळ्यावर शिकवल्यासारखं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मास्तर, मी कवा म्हनलं भावजी कामून उतरले न्हाईत म्हून?" त्या म्हणाल्या. "एक तर गेलाच व्हता. दुसरा वर आला तर मी देवाला हात जोडले. पन त्येबी येईनात. माझी दोन्ही मानसं त्याच दिशी गेली."

लिंबाखालून खोकल्याचा आवाज आला.

वहिनींनी सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला, आणि माझ्याकडे न बघता कोपऱ्याकडे तोंड करून जरा मोठ्याने म्हणाल्या, "भावजी, चहा ठिवायलेय. घरात या."